बर्फ थांबल्यानंतरची रात्र

जुलैत ‘नारिंगी इशारा’ आला की काय करायचे, हे गोव्यात कुणाला शिकवावे लागत नाही. चोर्ला घाटातून बेळगावला जायचे असेल तर सकाळचा बेत दुपारवर ढकलतात. पाऊस ओसरला, वाटेत कुठे दरड किंवा झाड पडलेले नाही अशी खबर आली की गाडी काढतात. हीच सवय घेऊन अनेक गोमंतकीय कुटुंबे नाताळच्या सुट्टीत मनालीला जातात आणि तिथे ती घात करते. आपल्याकडे पाऊस थांबला की धोका बहुधा उतरणीला लागतो. हिमालयात बर्फ पडायचा थांबतो, आभाळ निळेशार होते, आणि गाडी घसरण्याचा खरा धोका तिथून पुढे सुरू होतो.

इशाऱ्याचे रंग देशभर सारखेच आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. गोव्यासाठी पणजीच्या आल्तिनोवरचे हवामान केंद्र तो देते, हिमाचलसाठी सिमल्याचे. फरक पडतो तो आकड्यांच्या अर्थात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस गेला तरच हवामान खाते त्याला ‘जोरदार’ म्हणते, आणि पावसाळ्यात तेवढा आपल्याकडे कितीतरी वेळा पडतो. त्यामुळे मनालीसाठी ‘२० मिलिमीटर’ वाचून आपण निर्धास्त होतो. पण ते पाणी बर्फ होऊन पडते तेव्हा ताज्या, भुसभुशीत बर्फाची जाडी साधारण दहापट भरते. म्हणजे २० सेंटिमीटर. लहान मोटारीचे पोट जमिनीपासून जेमतेम १७ सेंटिमीटर वर असते. गाडी पोटावर टेकते, चाकांवरचा भार कमी होतो आणि ती जागच्या जागी फिरत राहतात.

हा बर्फ आणणारी यंत्रणाही मोसमी पावसाहून वेगळी आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले कमी दाबाचे पट्टे उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे सरकतात. त्यांनाच पश्चिमी विक्षोभ म्हणतात. डिसेंबर ते मार्च या काळात असे विक्षोभ महिन्यात अनेकदा येतात, आणि पुष्कळदा एकाचा बर्फ साफ होण्याआधी दुसरा दारात उभा असतो. त्यांची चाहूल मात्र काही दिवस आधी लागते. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, पाच दिवस आधीपासून सिमला केंद्राचे रोजचे पत्रक पाहावे, आणि प्रवासाच्या दिवशी तीन तासांपुरता दिला जाणारा तात्काळ अंदाजही.

पत्रक वाचताना आपली सर्वांत मोठी चूक उंचीची होते. गोव्यातले सर्वांत उंच शिखर बाराशे मीटरांनाही पोहोचत नाही, त्यामुळे एका तालुक्यात दोन ऋतू असू शकतात ही कल्पनाच आपल्याला नसते. इशारा मात्र जिल्ह्यासाठी असतो. एकाच कुल्लू जिल्ह्यात भुंतरचा विमानतळ सुमारे १०९० मीटरवर आहे, मनाली २०५० मीटरवर, आणि अटल बोगद्याचे दक्षिण तोंड ३०६० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. भुंतरला ९ अंश असतील तर मनालीत ३ च्या आसपास आणि बोगद्यापाशी उणे ४. एकाच ढगातून खाली पाऊस, मध्ये चिखलासारखा ओला बर्फ आणि वर कोरडा बर्फ पडतो. सिमल्याचे केंद्र अंदाज देताना सखल, मध्यम आणि उंच डोंगर असे भाग पाडते ते याचसाठी. आपले हॉटेल आणि आपला रस्ता किती मीटरवर आहे, हे आधी कागदावर लिहून ठेवावे. त्याशिवाय अंदाजाचा उपयोग नाही.

आता त्या रात्रीकडे वळू. जानेवारीत आभाळ स्वच्छ असेल त्या रात्री सत्तरीत किंवा सांग्यात पहाटे गारठा वाढतो, काजूच्या पानांवर दव साचते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. ढग असले तर ते पांघरुणासारखे त्यातली बरीचशी परत पाठवतात. ढग नसले की उष्णता थेट निघून जाते. मनालीत हेच घडते, फक्त अधिक तीव्रतेने. बर्फाचा थर जमिनीतली ऊब वर येऊ देत नाही आणि स्वतः भराभर थंड होतो. त्यात दिवसा उन्हाने वितळलेले पाणी रस्त्यावरून वाहत असते. अरुंद दरीत दुपारी तीन-चारच्या सुमारास सूर्य कड्याआड गेला की ते पाणी गोठू लागते.

गोठलेल्या पाण्याची ही पातळ, पारदर्शक काच म्हणजे ‘काळा बर्फ’. तिच्यातून खालचे डांबर दिसते, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. ओळखायची खूण अशी : पुढच्या गाडीच्या चाकांकडे बघा. रस्ता ओला दिसतो आहे, पण चाकांमागे पाण्याचे तुषार उडत नाहीत आणि टायरचा आवाज अचानक बसला आहे, तर खाली पाणी नाही, बर्फ आहे. पुलांवर तो सर्वांत आधी धरतो, कारण तिथे थंड हवा वरून आणि खालूनही लागते. त्यानंतर देवदारांच्या सावलीतली वळणे आणि बोगद्यांची तोंडे. गाडीतला तापमापक २ किंवा ३ अंश दाखवत असला तरी रस्त्याचा पृष्ठभाग शून्याखाली गेलेला असू शकतो.

इथे थोडे गणित करू. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक साधारण ०.७ असतो, बर्फाच्या काचेवर ०.१. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटरांत थांबते, काळ्या बर्फावर ६३ मीटर लागतात. वेग २० वर आणला तर हे अंतर १६ मीटरांवर येते, कारण वेग निम्मा झाला की थांबण्याचे अंतर एक चतुर्थांश होते. हे आकडे सपाट रस्त्याचे आहेत. उतारावर गाडी कदाचित थांबणारच नाही. चारही चाकांना जोर देणारी गाडी चढायला मदत करते, पण थांबायला नाही. थांबवतात ते टायर, आणि त्याखाली धरायला काही नसेल तर महागडी गाडीही इतरांसारखीच घसरते.

म्हणून उतरताना पहिला किंवा दुसरा गियर टाकून इंजिनाच्या ओढीवर उतरायचे, क्लच दाबून ठेवायचा नाही. गाडी घसरू लागली की दोन्ही पाय हलकेच वर घ्यायचे आणि जायचे आहे त्या दिशेला नजर व स्टिअरिंग ठेवायचे. ब्रेक दाबावाच लागला आणि गाडीत एबीएस (चाके जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर पेडल पायाखाली थरथरते. ते बिघडलेले नसते, पाय काढू नये. साखळ्या बसवायच्या त्या ज्या चाकांना इंजिनाचा जोर जातो त्यांना, म्हणजे बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या. त्या अडकण्याआधी, सपाट जागी बसवायच्या, शंभरेक मीटर चालवून पुन्हा आवळायच्या आणि ताशी ३० च्या वर जायचे नाही. एरवी गोव्यात गाडी चालवणाऱ्याने तिथे स्वतः स्टिअरिंग हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि स्थानिक टॅक्सीवाल्याने ‘आज नहीं’ म्हटले तर त्याच्याशी भाड्याची घासाघीस करू नये.

काही जण गोव्याहून स्वतःची गाडी नेतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. आपल्याकडे रेडिएटरमध्ये साधे पाणी भरून भागते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि रेडिएटर किंवा इंजिनाचा ठोकळा तडकवते. निघण्याआधी ते पूर्ण काढून निम्मे कूलंट, निम्मे शुद्ध पाणी असे मिश्रण भरून घ्यावे. ते उणे ३५ अंशांच्या खालीच गोठते. गोव्यात भरलेल्या डिझेलमधले मेण थंडीत साकळून फिल्टर तुंबतो, तेव्हा टाकी कुल्लू-मनालीच्या पंपावरच भरावी. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो गोठून चिकटतो. गाडी सपाट जागी गियरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत.

हिमस्खलनाचे घड्याळही बर्फ थांबल्यावरच चालू लागते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ताजा थर जुन्या थराला नीट धरलेला नसतो, आणि पहिल्या २४ ते ४८ तासांत तो सुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. डीआरडीओची चंडीगडची डीजीआरई ही संस्था अमुक जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर धोका, असे इशारे देते. इथेही उंची आधी वाचायची. निळ्या आभाळाखाली बर्फाने भरलेल्या घळीच्या तोंडाशी गाडी थांबवून फोटो काढणे ही त्या ४८ तासांतली सर्वांत वाईट जागा आणि सर्वांत वाईट वेळ.

गाडी बर्फात अडकलीच तर तिथेच बसून राहावे, चालत निघू नये. उणे ५ अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला उणे १३ सारखा लागतो, आणि भिजलेली जीन्स अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या वाहनांमध्ये किमान २२ माणसे एका रात्रीत गेली. थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइडचाही संशय तिथे व्यक्त झाला. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की धूर गाडीखाली साचून आत शिरतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि त्याला वास नसतो. म्हणून आधी हाताने सायलेन्सर मोकळा करावा, मग तासाला दहा मिनिटेच इंजिन चालवावे, आणि ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी.

हॉटेलच्या खोलीतही हाच वायू साचू शकतो. बंद खोलीतली कोळशाची शेगडी, खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझर. डोके दुखणे, मळमळ, गळून जाणे ही त्याची लक्षणे उंचीच्या त्रासासारखीच असल्याने ‘विरळ हवेमुळे होत असेल’ म्हणून माणसे झोपी जातात. एकाच खोलीतल्या दोघातिघांना एकाच वेळी असे होऊ लागले तर सगळ्यांनी लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि ११२ ला फोन लावावा. रस्त्याच्या अडचणीसाठी जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

मनालीहून दिल्ली पाचशेहून अधिक किलोमीटर आहे. मोपा-दाबोळीचे परतीचे विमान दुसऱ्या सकाळी असेल, तर रस्ता गोठलेला असतानाही रात्री निघण्याचा मोह होतो. मध्ये एक दिवस मोकळा ठेवूनच तिकीट काढावे. रस्ता उघडल्याची खबर आली तरी ऊन रस्त्यावर येईपर्यंत, साधारण दहापर्यंत थांबावे, आणि तीनच्या आत डोंगराची उंच वळणे उतरलेली असावीत.