मॉडेल रेल्वेचे कपलर : निवड आणि बसवणी

रेल्वेच्या लहान प्रतिकृतींमध्ये दोन डबे, किंवा डबा आणि इंजिन, एकमेकांना जोडणारा भाग म्हणजे कपलर. त्याच्याकडून तीन कामे अपेक्षित असतात. डबे हलके टेकवले की ते जोडले गेले पाहिजेत. चढावर आणि वळणावर सगळ्या गाडीचा ताण आला तरी सुटता कामा नयेत. आणि सोडवायचे ठरवले की ठरल्या जागी सुटले पाहिजेत. तिसरे काम पहिल्या दोन्हींच्या विरुद्ध जाते. मॉडेल बनवणाऱ्यांनी गेली कित्येक दशके कपलरवर एवढा खल केला तो यामुळेच. अमेरिकी पद्धतीच्या एचओ मापात (प्रमाण १:८७, रुळांमधले अंतर १६.५ मिमी) हा प्रश्न सर्वांत तपशिलात हाताळला गेला आहे, म्हणून इथे भर त्यावर आहे.

अमेरिकेत यादवी युद्धानंतरही डबे कडी आणि खुंटीने जोडले जात. डबा अंगावर येत असताना ब्रेकमनने मध्ये उभे राहून कडी समोरच्या खाचेत घालायची आणि खुंटी सोडायची, अशी ती पद्धत होती. त्यात असंख्य कामगारांची बोटे गेली, हात गेले, जीवही गेले. एलाय जॅनी यांनी १८७३ मध्ये ज्या कपलरचे पेटंट घेतले त्यात, दोन हातांची वळवलेली बोटे एकमेकांत अडकावीत तसे, दोन डब्यांचे जबडे आपोआप मिटतात. या जबड्याला नकल म्हणतात. १८९३ च्या सेफ्टी अप्लायन्स अ‍ॅक्टने अमेरिकेत स्वयंचलित कपलर सक्तीचा झाला, आणि नकल कपलर ही तिथल्या गाड्यांची ओळखच बनली. भारतातल्या मालगाड्यांचा आणि एलएचबी डब्यांचा (जर्मन रचनेवर आधारलेले नवे प्रवासी डबे) सीबीसी, म्हणजे सेंटर बफर कपलर, याच घराण्यातला आहे.

मॉडेलमध्ये मात्र नकल सर्वमान्य व्हायला बराच काळ गेला. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन (एनएमआरए) ही संस्था १९३५ मध्ये स्थापन झाली. १९५० च्या दशकात तिच्या समितीच्या कामातून एक्स-टू-एफ नावाचा प्लास्टिकचा आकडा पुढे आला. तो अधिकृत मानक कधीच झाला नाही, पण बनवायला स्वस्त असल्यामुळे खेळण्याच्या संचांतून घरोघर पोहोचला. दिसायला तो खऱ्या कपलरसारखा नव्हता, पण मुख्य दोष वेगळाच होता. आकडे जोडलेले राहावेत म्हणून ते एकमेकांना बाजूला रेटत. गाडी मागे ढकलताना हे रेटणे हलक्या डब्याच्या चाकांपर्यंत पोहोचे आणि डबा रुळांवरून उतरे. जुन्या संचातले डबे आज वापरायचे असतील तर हे आकडे सरसकट बदलावेत; त्यांच्यावर कितीही मेहनत घेतली तरी शंटिंग, म्हणजे डब्यांची जोड-सोड, समाधानकारक होत नाही.

दुसरीकडे ऑरेगनमधल्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी १९४६ मध्ये केडी ही कंपनी सुरू केली आणि पुढे चुंबकाने सुटणारा धातूचा नकल कपलर बाजारात आणला. त्याच्या डोक्याखाली पोलादी तारेची वाकवलेली ट्रिप पिन असते. लांबून ती ब्रेकच्या नळीसारखी दिसते. रुळांमध्ये चुंबकाची पट्टी बसवलेली असते. जोडलेल्या डब्यांवरचा ताण क्षणभर सैल झाला की समोरासमोरच्या दोन पिना विरुद्ध रुळांकडे खेचल्या जातात आणि जबडे उघडतात. यापुढची युक्ती आणखी चतुर आहे. इंजिन जरा मागे घेऊन पुन्हा पुढे नेले तर बाजूला सरकलेले जबडे मिटत नाहीत, नुसते टेकून राहतात. डबा तसाच ढकलत दूरच्या सायडिंगमध्ये (बाजूच्या रुळावर) नेऊन सोडता येतो. एका चुंबकावर अख्खे यार्ड चालवता येते ते यामुळे.

१९९० च्या दशकात पेटंटची मुदत संपली तेव्हा याच आकाराशी जुळणारे कपलर इतरांनीही काढले. मॅकहेन्री, अ‍ॅक्युमेट, ई-झेड मेट ही त्यांतली परिचित नावे. सगळे एकमेकांना जोडले जातात, पण सगळे सारखे टिकत नाहीत. प्लास्टिकच्या काही नकलांमध्ये जबडा मिटवणारी स्प्रिंगही प्लास्टिकचीच, केसासारखी बारीक पट्टी असते. ती सतत वाकलेली राहिली की मऊ पडते आणि जबडा अर्धवट उघडा राहतो. चार-पाच डब्यांच्या गाडीत हे जाणवतही नाही. तीस डबे जोडून दोन टक्क्यांचा चढ चढायला लागले की सगळा भार इंजिनामागच्या पहिल्या काही कपलरांवर येतो, तिथला प्लास्टिकचा जबडा किंचित वाकतो आणि मागचा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची रांग, सुटून उताराला लागतो. लांब गाड्या चालवायच्या असतील तर डोके आणि जबडा दोन्ही धातूचे असलेला कपलरच घ्यावा. पैसे थोडे असतील तर आधी इंजिने आणि गाडीच्या पुढच्या भागात जाणारे डबे बदलून घेणे शहाणपणाचे.

केडीच्या मालिकेत ५ क्रमांकाचा कपलर अनेक वर्षे सर्वसाधारण निवड मानला जाई. त्याला मध्यावर आणण्यासाठी, कपलरचा दांडा ज्यात बसतो त्या खोक्यात पितळी रंगाची वेगळी स्प्रिंग-पट्टी बसवावी लागते. १४८ क्रमांकात तिच्याऐवजी दांड्यालाच दोन्ही बाजूंनी बारीक तारा असतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने १४८ घ्यावा. डब्यांच्या तयार खोक्यांत तो सहसा विनातक्रार बसतो आणि मध्यावर चांगला परततो. ज्यांचे डोके अचूक मापाचे, म्हणजे आकाराने लहान असते असे प्रकारही (५८ आणि १५८) मिळतात. दिसायला ते देखणे आहेत, पण डोके लहान झाले की उंचीतला फरक चालवून घेण्याची त्याची क्षमताही घटते. रूळ अगदी सपाट असतील तरच त्यांच्या वाटेला जावे.

उंची हा या विषयाचा गाभा आहे. एचओ मापात कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून एक इंचाचा २५/६४, म्हणजे जेमतेम १० मिमी उंच असायला हवा. एक डबा किंचित वर आणि दुसरा किंचित खाली असेल तर सपाटीवर दोघे जोडलेले दिसतात. जिथे सपाटी संपून चढ सुरू होतो तिथे मात्र एकाचे डोके दुसऱ्याखालून निसटते. ‘कपलर खराब आहे’ अशा तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. उंची तपासायला उंचीमापक मिळतो: रुळावर ठेवायचा एक ठोकळा, त्याला योग्य उंचीवर बसवलेला कपलर आणि खाली ट्रिप पिनसाठी पायरी. डबा हळूच त्याच्यापर्यंत ढकलावा, डोळे रुळाच्या पातळीला आणावेत आणि दोन्ही डोक्यांच्या वरच्या कडा एका रेषेत आहेत का ते पाहावे. डबा खाली असेल तर बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) आणि डब्याचा तळ यांच्यामध्ये पातळ वॉशर घालावा. वर असेल तर बोगी जिथे टेकते ती जागा थोडी घासावी, किंवा दांडा डोक्याच्या मध्याला नसून वर-खाली असलेला कपलर निवडावा. ट्रिप पिनचे टोक रुळाच्या माथ्यापासून इंचाचा ३२ वा भाग, सुमारे ०.८ मिमी, वर राहिले पाहिजे. ते खाली आले तर सांध्यात अडकून डबा उलटतो. फार वर गेले तर चुंबकाला दाद देत नाही. पिन वाकवायला खास चिमटा मिळतो. साध्या पक्कडीने ओढाताण केली तर डोक्यातले पिनचे छिद्रच सैल होते.

उंचीनंतर मोकळेपणा. डोके बोटाने एका बाजूला सारून सोडले की ते आपसूक मध्यावर परतले पाहिजे. अडखळत असेल तर खोक्याच्या आतल्या प्लास्टिकच्या बारीक कडा बारीक कानशीने काढाव्यात आणि कोरडी ग्रॅफाइटची पूड चिमूटभर घालावी. तेल कधीही घालू नये. त्यावर धूळ चिकटते. खोके डब्याच्या तळाला स्क्रूने घट्ट बसवलेले असावे. बोगीलाच जोडलेले कपलर तीव्र वळणावर सोयीचे वाटतात, पण गाडी मागे ढकलताना सगळा जोर बोगीला तिरका करतो. ८५ फुटी प्रवासी डबा एचओ मापात सुमारे ३० सेंमी लांब भरतो. अशा डब्यांना वळणावर लांब दांड्याचा कपलर द्यावा. डब्याचे वजनही विसरू नये: एनएमआरएच्या शिफारशीप्रमाणे एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस. म्हणजे सहा इंची डबा चार औंसांचा, सुमारे ११३ ग्रॅमचा हवा. हलक्या डब्याला चांगला कपलरही सावरू शकत नाही.

कायमचे चुंबक मुख्य मार्गात बसवू नयेत. गाडी तिथे जराशी सैल पडली तरी नको तो डबा सुटतो. शिवाय पोलादी आसांच्या चाकांना चुंबक ओढतो आणि एकटा डबा आपोआप सरकतो. यार्डाबाहेर विद्युतचुंबक वापरणे बरे. अनेक जण चुंबकच टाळतात आणि टोकदार बांबूची काडी दोन जबड्यांमध्ये वरून घालून हलकेच फिरवतात. खऱ्या ब्रेकमनच्या कामाच्या जवळ जाणारी ही पद्धत आहे, आणि त्यात ट्रिप पिन कापून टाकता येते.

इंजिनांच्या बाबतीत एक जादा काळजी आहे. जुन्या काही डिझेल इंजिनांची धातूची चौकट एका रुळाच्या विजेशी जोडलेली असते. अशी दोन इंजिने पाठीला पाठ लावून धातूच्या कपलरने जोडली तर शॉर्ट सर्किट होते. तिथे कपलरचे खोके प्लास्टिकचे हवे.

एन मापात (१:१६०) दीर्घकाळ रॅपिडो नावाचा आकडा चालला. आता अमेरिकी मॉडेलांत नकलच सर्वत्र आहे. त्यातल्या मायक्रो-ट्रेन्स या १९९० मध्ये केडीपासून वेगळ्या झालेल्या कंपनीच्या कपलरांत दांड्यामागे स्प्रिंग असते; त्यामुळे हलकी गाडी चालताना मागचे डबे पुढे-मागे हिंदकळतात. एचओ मापाच्या युरोपीय मॉडेलांमध्ये डब्याला सहसा एनईएम ३६२ या युरोपीय मानकाच्या मापाची खाच असते. तिच्यात कपलर नुसता दाबून बसतो आणि हवा तेव्हा बदलता येतो. त्या खाचेत बसणारे नकल कपलरही केडी बनवते.

भारतीय गाड्यांची मॉडेल करणाऱ्यांपुढे वेगळा पेच असतो. जुन्या आयसीएफ डब्यांना (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेचे) दोन बफर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गोल चकत्या, आणि मध्ये स्क्रू कपलिंग, म्हणजे स्क्रूने आवळायची जोडणी, असते. एचओ मापात त्याची चालती प्रतिकृती करता येते, पण प्रत्येक जोड चिमट्याने लावावा लागतो आणि बफर एकमेकांत अडकणार नाहीत एवढी मोठी वळणे लागतात. म्हणून रेकच्या आतल्या जोडांना साधी दांडी आणि दोन्ही टोकांना नकल कपलर, ही तडजोड व्यवहार्य ठरते. एलएचबी रेक आणि मालगाड्या यांना मुळातच नकल शोभतो. बहुतेक भारतीय इंजिनांना बफर आणि सीबीसी दोन्ही असतात, त्यामुळे त्यांच्या मॉडेलवर नकल बसवताना खऱ्या रूपाशी तडजोड करावी लागत नाही. फक्त कपलरचा दांडा एवढा लांब ठेवावा, की सर्वांत तीव्र वळणावर बफर टेकण्याआधी कपलर ताणलेला असेल.