खोली स्पेसमध्ये लिहा, थर्मोस्टॅट झोनमध्ये

हीट लोडच्या, म्हणजे इमारतीला किती थंडावा लागेल याचा हिशेब करणाऱ्या, सॉफ्टवेअरवर नव्यानं बसलेल्या इंजिनिअरला एक गोष्ट हमखास छळते. प्लॅनवर केबिन एकच असते, पण सॉफ्टवेअर तिच्यासाठी दोन नोंदी मागतं: आधी स्पेस, मग झोन. क्षेत्रफळ दोन्हीकडे तेच, नाव बहुतेक वेळा तेच. मग काही जण प्रत्येक स्पेसचा एकेक झोन करून मोकळे होतात, तर काही जण अख्खा मजला एकाच झोनमध्ये ढकलतात. दोन्ही वेळा सॉफ्टवेअर मुकाट्यानं उत्तर देतं. एरर येत नाही, टनही (थंडाव्याच्या क्षमतेचे आकडे) पटण्यासारखे येतात. चूक कळते ती लोक जागेत बसायला आल्यावर, पूर्वेच्या केबिनमधून सकाळी नऊला पहिला फोन येतो तेव्हा.

उदाहरणासाठी कॅरिअर कंपनीचं हॅप हे सॉफ्टवेअर घेऊ. आपल्याकडे ते भरपूर वापरलं जातं आणि त्यात या दोन गोष्टी ठळकपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. पाचव्या आवृत्तीपर्यंतच्या हॅपमध्ये स्पेस उघडली की काय काय विचारलं जातं, ते आठवा. चौरस फूट, छताची उंची, दिवे, कॉम्प्युटर, माणसं, कोणत्या दिशेला किती भिंत आणि किती काच, वर छप्पर आहे का, बाहेरची ताजी हवा किती. म्हणजे त्या जागेत उष्णता कुठून येते, एवढाच हिशेब. ती जागा थंड कशानं करायची, कोणत्या एएचयूवरून (हवा थंड करून पाठवणाऱ्या यंत्रावरून), किती तापमानाला, याचा तिथे उल्लेखही नाही. जिना, स्टोअर, टॉयलेट यांचीही स्पेस बनवता येते आणि ती कुठल्याच यंत्रणेला न जोडता तशीच ठेवता येते.

झोन भेटतो तो एअर सिस्टिमच्या आत. तिथे आधी बनवलेल्या स्पेस उचलून झोनमध्ये टाकायच्या आणि मग प्रश्न येतात ते थर्मोस्टॅटचे: ऑफिस चालू असताना किती तापमान, बंद असताना किती, टर्मिनल (झोनला हवा सोडणारं शेवटचं उपकरण) कोणत्या प्रकारचं, किमान हवा किती. हे सगळे प्रश्न नियंत्रणाचे आहेत. एका झोनला एक थर्मोस्टॅट, आणि तो जे सांगेल ते त्या झोनमधल्या सगळ्या स्पेसना निमूट मान्य करावं लागतं. दोन खोल्यांच्या पंख्यांना एकच रेग्युलेटर बसवल्यावर जे होतं, तेच.

म्हणून स्पेस आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवरून भरता येते. झोन तसा भरता येत नाही, तो ठरवावा लागतो, आणि तो निर्णय पैशाचा असतो: प्रत्येक वाढीव झोन म्हणजे आणखी एक व्हीएव्ही बॉक्स (थर्मोस्टॅटच्या सांगण्यानुसार हवा कमी-जास्त करणारा), एक थर्मोस्टॅट, वायरिंग आणि बीएमएसवर, म्हणजे इमारतीच्या नियंत्रण यंत्रणेवर, आणखी एक पॉइंट. सॉफ्टवेअरमधला क्लिक फुकट असला तरी बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या खर्चाच्या यादीत, त्याची ओळ येते.

दोन केबिनचा हिशेब

आता आकडे मांडू. समजा एक केबिन पूर्वेला आहे, एक पश्चिमेला, दोघींना मोठ्या काचा. पूर्वेच्या केबिनचा सेन्सिबल लोड (तापमान वाढवणारी उष्णता, दमटपणाची सोडून) सकाळी नऊला 6,000 बीटीयू प्रतितास आहे आणि दुपारी चारला 3,000. पश्चिमेच्या केबिनचा सकाळी 3,000 आणि दुपारी चारला 7,000. खोलीचं तापमान आणि ग्रिलमधून येणारी हवा यांत 20 अंश फॅरनहाइटचा फरक धरला, तर लोडला 21.6 नं भागून सीएफएम, म्हणजे मिनिटाला लागणारी घनफूट हवा, मिळतात. (21.6 म्हणजे 1.08 गुणिले 20. यातला 1.08 हवेच्या घनतेवरून येतो आणि तो समुद्रसपाटीचा आहे. पुणे साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे तिथे 1.08 चा आकडा थोडा उतरतो. वेदर डेटामध्ये उंची बरोबर भरलेली असली की हॅप ते स्वतः पाहून घेतं.) पूर्वेच्या केबिनला जास्तीत जास्त 278 सीएफएम लागतील, पश्चिमेच्या केबिनला 324.

दोघींचे झोन वेगळे केले तर एक बॉक्स 278 चा, दुसरा 324 चा. पण एएचयूच्या पंख्याला दोन्ही शिखरं एकाच वेळी गाठावी लागत नाहीत. सकाळी दोघींचा मिळून लोड 9,000, दुपारी 10,000. म्हणजे पंख्याला 463 सीएफएम पुरतात. बॉक्स आपापल्या कमाल गरजेचे, एएचयू मात्र एकत्रित गरजेचा. व्हीएव्ही यंत्रणेत पैसे वाचतात ते या फरकातून.

आता त्याच दोन केबिन एका झोनमध्ये टाका. इथे हॅप एक पर्याय पुढे करतं: झोनची हवा त्यातल्या स्पेसच्या हवेची बेरीज धरायची, की झोनचा एकत्रित सर्वाधिक सेन्सिबल लोड धरायचा? बेरीज धरली तर 602 सीएफएम, एकत्रित लोड धरला तर 463. नवशिक्या इथे अडकतो आणि या दोन आकड्यांतला बरोबर कोणता, यावर ऑफिसात वाद घालतो. माझ्या मते या दोन केबिनांपुरता तो वाद निरर्थक आहे. बॉक्स 602 चा आणला तरी थर्मोस्टॅट एकच राहणार. तो पश्चिमेच्या केबिनमध्ये लावलाय असं धरा. सकाळी नऊला त्या केबिनला 139 सीएफएम पुरतात, म्हणजे तिच्या कमाल हवेच्या 43 टक्के. बॉक्स तेवढा मिटतो. हवेची वाटणी डक्टनं (हवेच्या नळीनं) आणि डॅम्परनं (त्यातल्या झडपेनं) कायमची ठरवून ठेवलेली असते, त्यामुळे पूर्वेच्या केबिनलाही तिच्या वाट्याच्या 43 टक्केच, म्हणजे 119 सीएफएम मिळतात. तिला हवे असतात 278.

हे अंतर टन वाढवून भरत नाही. आणि सॉफ्टवेअरला ते दिसतही नाही, कारण थर्मोस्टॅट नेमका कोणत्या भिंतीवर आहे हे त्यानं कधी विचारलेलंच नसतं. झोन म्हणजे एकाच तापमानाची हवा, असं गृहीत धरून ते पुढे जातं. एनर्जीप्लस या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या दस्तावेजात तर हे सरळच म्हटलं आहे: झोन ही उष्णतेची संकल्पना आहे, भूमितीची नाही.

थंड हवामानात हाच घोळ जास्त फसवा होतो. पुण्या-मुंबईच्या कितीतरी ऑफिसांतून अमेरिकेतल्या इमारतींची लोड कॅल्क्युलेशन्स केली जातात, त्यामुळे हे इथेही सांगायला हवं. शिकागोत जानेवारीत काचेलगतच्या पट्ट्याला हीटिंग लागतं आणि त्याच वेळी मजल्याच्या मधल्या भागाला, दिवे-माणसं-कॉम्प्युटर यांच्या उष्णतेमुळे, कूलिंग लागू शकतं. दोन्ही भाग एका झोनमध्ये घातले की बाहेर जाणारी उष्णता आणि आत तयार होणारी उष्णता कागदावर एकमेकींना खाऊन टाकतात. रिपोर्ट सांगतो, फार काही लागत नाही. प्रत्यक्षात खिडकीजवळचा माणूस स्वेटर घालून बसतो आणि मधला माणूस टेबल फॅन मागतो.

किती तोडायचं, किती जोडायचं

ॲश्रे या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या 90.1 मानकात, एचव्हीएसीचे (हीटिंग-कूलिंग-व्हेंटिलेशनचे) झोन अजून डिझाइन झालेले नसतील तर सिम्युलेशनसाठी काय धरायचं, याचा नियम दिलेला आहे. बाहेरच्या भिंतीपासून 15 फुटांपर्यंतचा पट्टा वेगळा, त्याच्या आतला भाग वेगळा. काचेच्या भिंतींना दिशेनुसार वेगळे पट्टे, मात्र दोन दिशांतला फरक 45 अंशांपेक्षा कमी असेल तर त्या एक धरल्या तरी चालतात. प्रत्यक्ष डिझाइनलाही सुरुवात म्हणून हा नियम चांगला आहे. मोठा मोकळा हॉल असेल तर मध्ये भिंत नसली तरी स्पेस या 15 फुटांच्या रेषेवर तोडावी.

दिशेच्या बाबतीत मात्र आपल्या अक्षांशाचं भान हवं. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. दक्षिणेच्या काचेवर तेव्हा थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. ते पडतं डिसेंबरमध्ये, सूर्य दक्षिणेला खाली उतरल्यावर. भरपूर काच असलेल्या दक्षिणेच्या झोनचं शिखर म्हणून हिवाळ्यात येऊ शकतं. ‘उन्हाळ्याचं बघितलं की झालं’ म्हणून फक्त मे महिना चालवणाऱ्याला ते दिसणार नाही. बाराही महिने चालवा, कॉम्प्युटरला त्याचं काही ओझं होत नाही.

वापरानुसार तोडायचं ते स्पेसच्या पातळीवर. समजा 300 चौरस फुटांची, 15 माणसांची कॉन्फरन्स रूम आहे. ॲश्रेच्या 62.1 या ताज्या हवेच्या मानकातल्या सूत्रानं माणशी 5 सीएफएम आणि चौरस फुटाला 0.06, म्हणजे 75 अधिक 18, एकूण 93 सीएफएम ताजी हवा. हीच रूम शेजारच्या मोकळ्या ऑफिससोबत एकच स्पेस म्हणून भरली, तर माणसांची घनता सगळ्या क्षेत्रफळावर पसरते आणि तिची खरी गरज आकड्यात बुडून जाते. कॉन्फरन्स रूमला स्पेसही वेगळी आणि झोनही वेगळा द्या. तिथे कंजूषी करू नये. रिकामी असताना तिला हवा लागत नाही आणि भरली की एकदम लागते, हे शेजारच्या थर्मोस्टॅटला कळण्याचा मार्ग नाही. यूपीएस किंवा सर्व्हर रूम चोवीस तास चालते, तिला तर सिस्टिमच वेगळी.

याउलट, एकाच दिशेच्या, सारख्या काचेच्या, सारख्या वेळी वापरल्या जाणाऱ्या तीन-चार केबिन असतील तर त्या चार स्पेस खुशाल एका झोनमध्ये घाला. कोपऱ्यातली केबिन तेवढी बाजूला काढा. तिला दोन दिशांची काच असते, त्यामुळे तिचा दिवस शेजारणीसारखा जात नाही. शिवाय तिथे बहुधा साहेब बसतात.

सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ही जोडणी सारखी नसते, आणि एकावरून दुसऱ्यावर जाणारा इथेच ठेचकाळतो. हॅपमध्ये अनेक स्पेस मिळून एक झोन होतो. ईक्वेस्टमध्ये दोघांची जोडी एकास एक: लोडच्या बाजूला स्पेस, यंत्रणेच्या बाजूला तिचाच झोन, त्यामुळे तिथे जोडायचं-तोडायचं ते स्पेस आखतानाच. ट्रेस 700 मध्ये स्पेसच्या जागी रूम असते आणि झोन न करता ती थेट सिस्टिमला टाकता येते. एनर्जीप्लसमध्ये बरीच वर्षं फक्त झोनच होता, स्पेस आली ती 2021 मध्ये 9.6 आवृत्तीत. रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, आर्किटेक्टची रूम आणि आपली स्पेस या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि जुन्या पद्धतीत नवी स्पेस ठेवली की ती आपोआप ‘डिफॉल्ट’ नावाच्या झोनमध्ये जाऊन बसते. तिला तिथून कुणी हलवलं नाही तर पूर्ण इमारत एका झोनची राहते, आणि मॉडेल दिसायला छानच दिसतं.

व्हीआरएफ (एका बाहेरच्या युनिटवर अनेक आतली युनिट) किंवा स्प्लिटच्या कामात झोन ओळखणं सोपं, रिमोट मोजायचे. एका हॉलमध्ये चार कॅसेट (छतात बसणारी एसी युनिट) आणि एक रिमोट, तर झोन एक. चार कॅसेटना चार रिमोट दिले तर कागदोपत्री चार झोन होतात, पण मध्ये भिंत नसल्यामुळे हवा एकच राहते; कुणी 20 वर लावतो, कुणी 26 वर, आणि वीसवाल्याची मशीन सगळ्यांचा लोड ओढत बसते.

इंटिरिअरच्या बदलांत स्पेस आणि झोन यांची फारकत सर्वाधिक होते. ड्रॉइंग फ्रीझ झाल्यावर क्लायंट एका हॉलमध्ये काचेचं पार्टिशन घालून दोन केबिन काढतो. फाइलमध्ये स्पेस इमानदारीनं तोडली जाते, क्षेत्रफळं जुळवली जातात, पण झोनला कुणी हात लावत नाही. साईटवर त्याच बॉक्समधून एक फ्लेक्सिबल डक्ट ओढून नव्या केबिनमध्ये डिफ्यूझर (हवा सोडणारी जाळी) बसवतात, आणि थर्मोस्टॅट पार्टिशनच्या पलीकडे राहतो.

दुसऱ्यानं केलेली फाइल हातात आली तर इनपुट चाळत बसण्याआधी झोन सायझिंगचा रिपोर्ट काढावा. त्यात झोनच्या खाली प्रत्येक स्पेसच्या सर्वाधिक लोडचा महिना आणि तास दिलेला असतो. एकाच झोनमधल्या एका स्पेससमोर सकाळी नऊ आणि दुसरीसमोर दुपारी चार दिसले, तर दोघींचा लोड किती आहे ते पाहा आणि मग प्लॅन उघडून थर्मोस्टॅट कोणत्या बाजूला दाखवलाय ते शोधा. कधी कधी तो दाखवलेलाच नसतो.