खांदा खाजवणारे उंदीर

१९८७ च्या नोव्हेंबरात कॅनडात काही लोकांना शिंपले खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले. त्यांतल्या काहींना तर ताज्या गोष्टीही आठवेनात. शिंपले प्रिन्स एडवर्ड आयलंडचे होते, गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्यांच्याच जातकुळीतले. शंभराहून अधिक जण आजारी पडले, काही वृद्ध दगावले.

तपासनीसांनी शिंपल्यांचा अर्क उंदरांना टोचला. लकवा आणणारं नेहमीचं विष असतं, तर उंदीर लुळे पडून श्वास थांबून मेले असते. हे उंदीर मात्र मागचा पाय वर घेऊन खांदा खाजवू लागले, भराभर, पुन्हा पुन्हा. मग झटके आले. ही खूण नवीनच होती. हॅलिफॅक्सच्या प्रयोगशाळेने अवघ्या काही दिवसांत विष ओळखलं: डोमोइक आम्ल, एका सूक्ष्म शैवालाने बनवलेलं. गंमत म्हणजे जपानमध्ये 'दोमोई' नावाचं समुद्री शेवाळ पूर्वापार जंतांवर औषध म्हणून देत. हे नाव त्यावरूनच पडलं.

हे आम्ल मेंदूत नेमकं काय करतं? ग्लुटामेट हा मेंदूतला मुख्य उत्तेजक संदेशवाहक. आपलं काम झालं की तो लगेच उचलला जातो. डोमोइक आम्लाची घडण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती आहे, की ते ग्लुटामेटच्याच ग्राहकांना, म्हणजे पेशीवर त्याचा संदेश झेलणाऱ्या रेणूंना जाऊन चिकटतं, विशेषतः त्यांतल्या कैनेट नावाच्या प्रकाराला, आणि सहजी सुटत नाही. पेशीत कॅल्शियमचा लोंढा शिरतो. शिवाय चेतातंतूंच्या टोकांतून मेंदूचं स्वतःचं ग्लुटामेटही बाहेर पडतं आणि आगीत तेल ओतलं जातं. उत्तेजित होऊन होऊन पेशी मरते. उंदरांच्या मेंदूचे छेद पाहिले, तर सर्वांत मोठी हानी हिप्पोकॅम्पसमध्ये दिसते. नव्या आठवणी पक्क्या होतात त्याच भागात. दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूतही तोच भाग पोखरलेला होता.

हे विष शरीराबाहेर जातं ते मूत्रपिंडांतून. म्हणूनच वय झालेल्यांना, मूत्रपिंडं थकलेल्यांना त्याचा फटका जास्त बसतो. उंदरांची नवजात पिल्लंही मोठ्या उंदरांपेक्षा कितीतरी कमी मात्रेत कोसळतात. मला यातली हीच बाब सर्वांत काळजीची वाटते, कारण शिंपले कितीही शिजवले तरी हे विष नष्ट होत नाही आणि त्याला वेगळी चवही नसते. त्यामुळे बाजारात येण्याआधीची तपासणी हाच खरा आडोसा; बहुतेक देशांत एका किलो मांसात २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

समुद्रात मात्र अशी तपासणी कोण करणार? १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर शेकडो समुद्रसिंह झटके येऊन मरून पडले. त्यांनी खाल्लेल्या अँकोव्ही माशांत हेच आम्ल होतं.