हरकत म्हणजे मत नव्हे

अमेरिकेतील सैन्यभरतीच्या किंवा जवानांच्या कुटुंबीयांच्या एखाद्या फॉर्मवर लोकांच्या हरकती मागवल्या गेल्या की ‘हा मजकूर जसाच्या तसा पाठवा, हजार हरकती आल्या की फॉर्म रद्द होतो’ असा संदेश फिरू लागतो.

ही समजूत स्वाभाविक आहे, कारण जाहीर हरकत म्हटले की मतदान आठवते. पण १९९५ च्या पेपरवर्क रिडक्शन अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे सरकारी फॉर्मचा लोकांवरचा भार कमी करण्यासाठीच्या कायद्यात, मतमोजणीची तरतूदच नाही. फेडरल रजिस्टर या अमेरिकी सरकारच्या राजपत्रात आधी ६० दिवसांची आणि नंतर साधारणतः ३० दिवसांची सूचना निघते. ही माहिती खरोखर लागते का, ती भरायला धरलेला वेळ बरोबर आहे का आणि लोकांचा त्रास कमी कसा होईल, असे प्रश्न तीत असतात.

पडताळणी सोपी आहे. मूळ सूचनेत फॉर्म भरणाऱ्यांची संख्या, प्रत्येकाला लागणारा वेळ आणि वर्षाचे एकूण तास दिलेले असतात. समजा, ६,००० जण आणि प्रत्येकी २० मिनिटे, म्हणजे २,००० तास. जुने दाखले शोधण्यातच दोन तास गेले असतील, तर तेवढे एक वाक्य शंभर नकलांपेक्षा उपयोगाचे, असे मला वाटते. आलेल्या हरकतींचा सारांश आणि त्यांवर काय केले, हे फॉर्मच्या मंजुरीसाठी दिलेल्या कागदपत्रांत लिहावे लागते. तेही वाचता येते.

मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, त्यामुळे मुदत वाढवताना पुन्हा सूचना निघते. मात्र पाठवलेला मजकूर जाहीर होऊ शकतो, म्हणून त्यात जवानाचा ओळख क्रमांक किंवा घरचा पत्ता लिहू नये.