‘सोसायटीचा नियम आहे, एकट्या मुलीला जागा देत नाही’

मुंबई-पुण्यात हे वाक्य दलाल वर्षानुवर्षे ऐकवतात. बहुतेकदा असा नियम कागदावर नसतोच. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींनुसार (सोसायटीच्या कारभाराची नमुना नियमावली) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. मालकाने आठ दिवस आधी लेखी कळवायचे, सोबत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, बस्स. भाडेकरूचे लग्न झाले आहे का, हा रकाना त्यात नाही. मालक स्वतः राहत नसल्यास सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. ‘बॅचलर’ म्हणून जादा आकारणी नाही.

‘नियम’ म्हणणाऱ्याकडे नोंदणीकृत उपविधीची प्रत मागा. बहुधा सभेतला ठराव पुढे येतो, पण ठराव उपविधीच्या वर नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार मात्र मालकाने, म्हणजे सभासदाने करावी; भाडेकरू सभासद नसल्याने तिचा अर्ज तिथे सहसा अडकतो.

खरी अडचण वेगळीच आहे. घरमालकानेच नकार दिला तर अविवाहित म्हणून नाकारण्याला थेट मनाई करणारा कायदा नाही. भेदभावाला मनाई करणारे राज्यघटनेचे कलम १५ मुख्यतः शासनाला बांधते. मालकाचा हा नकार झाकायलाच सोसायटीचे नाव पुढे केले जाते. जागा मिळालीच, तर करार नोंदवून घ्या: १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार ती जबाबदारी मालकाची आहे.