हिमबिबट्याचे लोकसहभागी संवर्धन

हिमालय, तिबेटचे पठार आणि मध्य आशियातील पर्वतरांगांत वावरणाऱ्या हिमबिबट्याचे रक्षण तेथील पशुपालकांच्या संमतीने, त्यांच्या गावसमित्यांमार्फत आणि त्यांना सोसावे लागणारे नुकसान वाटून घेऊन करण्याची ही पद्धत होय. हिमबिबट्या बारा देशांत आढळतो. भारतात २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या पहिल्या देशव्यापी पाहणीत त्यांची संख्या ७१८ असल्याचा अंदाज निघाला. त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ साली या प्राण्याला एक पायरी कमी धोक्याच्या वर्गात ठेवले असले, तरी कातडी व हाडांसाठी होणारी शिकार आणि पशुपालकांचा सूड ही संकटे कायम आहेत.

एका हिमबिबट्याचा वावर शंभर चौरस किलोमीटरहूनही मोठ्या क्षेत्रात असू शकतो आणि त्या क्षेत्रात गावे, कुरणे व गोठे येतातच. त्यामुळे केवळ अभयारण्याची सीमा आखून तो वाचत नाही. याक, घोडे, शेळ्या-मेंढ्यांची संख्या वाढली की भरल या रानमेंढीला चारा पुरत नाही. भरल घटले की बिबट्या पाळीव जनावरांकडे वळतो. छप्पर नसलेल्या गोठ्यात तो शिरला, तर एका रात्रीत अनेक शेळ्या-मेंढ्या मारतो आणि वर्षाची कमाई गमावलेले कुटुंब विष किंवा सापळ्याचा आधार घेते. या रागाला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे, कारण ज्या प्राण्याचे जगणे साऱ्या देशाला हवे असते, त्याची किंमत एकटे तेच घर मोजत असते.

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यातल्या किब्बर गावी या साखळीवर जो उपाय झाला, तो विशेष अभ्यासण्याजोगा आहे. चारुदत्त मिश्रा व म्हैसूर येथील नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन यांच्या पुढाकाराने गावाने आपल्या कुरणाचा काही भाग मोबदला घेऊन चराईमुक्त ठेवला, राखणीला गावातलेच तरुण नेमले आणि तेथे भरलांची संख्या वाढली. पुढे पशुविमा सुरू झाला. त्यात पशुपालक स्वतः हप्ता भरतो, जनावर मारले गेल्यास गावसमिती खातरजमा करते आणि सामाईक निधीतून भरपाई मिळते. निधीत शेजाऱ्यांचेही पैसे असल्याने खोटा दावा सहसा टिकत नाही. लडाखमध्ये गोठ्यांवर जाळीचे छप्पर व भक्कम दारे बसवण्यात आली, तर पर्यटकांना घरात उतरवून घेण्याच्या उपक्रमामुळे जिवंत बिबट्या उत्पन्नाचे साधन ठरला. केंद्र सरकारच्या २००९ च्या हिमबिबट्या प्रकल्पानेही लोकसहभाग हाच पाया मानला.

बेळगाव जिल्ह्यात हिमबिबट्या नाही, परंतु खानापूर तालुक्यातील गवळी-धनगरांसमोरचा प्रश्न हाच आहे. २०११ साली घोषित झालेल्या सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या भीमगड अभयारण्यात आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा, तळेवाडी अशी मराठी भाषकांची वस्ती असलेली गावे आहेत. गुरे ज्या रानात चरतात, त्याच रानात बिबट्या, वाघ, अस्वल आणि गवारेडे फिरतात. शेजारच्या गोव्यात, सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण व तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले आढळले; त्यामागे गुरे मारली गेल्याचा राग होता. बेळगाव शहरातील गोल्फ मैदान परिसरात ऑगस्ट २०२२ मध्ये शिरलेल्या बिबट्यामुळे आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या, तेव्हा शहरवासीयांनाही या भीतीची थोडी कल्पना आली.

वनखात्याकडून मिळणारी भरपाई पंचनामा आणि कागदपत्रांवर अवलंबून असते. किब्बरमध्ये भरपाईचा निर्णय गावातच होतो, आणि माझ्या मते खानापूरने घेण्याजोगी बाब हीच आहे. बर्फाळ पठारावरची चराईबंदी मात्र सह्याद्रीच्या दाट, पावसाळी रानात जशीच्या तशी लागू होणार नाही. भीमगडातील गावांसाठी शासनाने ऐच्छिक स्थलांतराचा मार्ग पुढे केला आहे. रस्ता, शाळा व दवाखान्यावाचून पावसाळा काढणाऱ्या काही कुटुंबांना तो हवाही आहे. मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या गवळीवाड्यांतील म्हशी त्यानंतरही त्याच रानाच्या कडेला चरत राहणार असल्याने, तेथे गोठ्यांची डागडुजी आणि गावपातळीवरील पशुविमा यांची गरज स्थलांतराने संपत नाही.