मेनार्ड पत्रकारिता शिक्षण संस्था

अमेरिकेतील कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि मूलनिवासी पत्रकारांना बातमीदारीचे, संपादनाचे आणि पुढे वृत्तपत्र चालवण्याचे शिक्षण देणारी संस्था. स्थापना १९७७, कॅलिफोर्निया. मूळ नाव ‘इन्स्टिट्यूट फॉर जर्नालिझम एज्युकेशन’. संस्थापकांपैकी रॉबर्ट मेनार्ड यांचे १९९३ मध्ये निधन झाल्यावर संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

संस्थेची मुळे १९६७ च्या वांशिक दंगलींपर्यंत जातात. डेट्रॉइट, न्यूअर्क अशी शहरे पेटल्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ऑटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९६८ च्या अहवालात आयोगाने वृत्तपत्रांनाही धारेवर धरले. संपादकीय कामातील कृष्णवर्णीयांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी होते. संपादक व पर्यवेक्षक पाहिले तर ते एक टक्काही नव्हते, आणि त्यांतलेही बहुतेक कृष्णवर्णीयांच्याच मालकीच्या पत्रांत होते. गोऱ्यांच्या नजरेने, गोऱ्यांसाठी लिहिलेली वृत्तपत्रे देशाच्या एका मोठ्या भागाला दिसतच नाहीत, असा आयोगाच्या म्हणण्याचा रोख होता.

त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात अल्पसंख्य पत्रकारांसाठी उन्हाळी वर्ग सुरू झाला. तो १९७४ मध्ये बंद पडला. मेनार्ड, त्यांच्या पत्नी नॅन्सी हिक्स मेनार्ड, अर्ल कॉल्डवेल, डोरोथी गिलियम, फ्रँक सोटोमेयर आदी सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये तो बर्कली येथे पुन्हा उभा केला आणि पुढच्या वर्षी संस्था स्थापन केली. हे सगळे नावाजलेल्या दैनिकांत काम केलेले पत्रकार होते. नॅन्सी हिक्स वयाच्या एकविसाव्या वर्षीच ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमीदार झाल्या होत्या.

उन्हाळी वर्गातून बातमीदार तयार होत, त्यांना नोकऱ्याही मिळत. पण वृत्तपत्राचा चेहरा बातमीदार ठरवत नाही. पहिल्या पानावर काय जाणार, कोणत्या वस्तीत माणूस नेमायचा, कोणाला बढती द्यायची, तोट्याच्या वर्षी कोणती पुरवणी बंद करायची, हे निर्णय वरच्या खोलीत होतात. तिथे आपले कोणी नसेल तर खालचा हुशार माणूस काही वर्षांत कंटाळून धंदा सोडतो. संस्थेचे खरे वेगळेपण इथे आहे. तिने शिक्षणाची पुढची पायरी ओळखली. आधी ॲरिझोना विद्यापीठात संपादनाचा अभ्यासक्रम आला, आणि पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्यवस्थापन प्रशिक्षण केंद्र. मधल्या फळीतल्या पत्रकारांना अंदाजपत्रक, माणसांची नेमणूक आणि धंद्याचे गणित समजावे, हा त्यामागचा हेतू. पत्रकारितेच्या शाळांत या गोष्टी सहसा शिकवल्या जात नाहीत. मालकांच्या वर्तुळात वाढलेल्याला त्या घरातच कळतात, बाहेरून आलेल्याला मात्र कोणीतरी शिकवाव्याच लागतात.

रॉबर्ट मेनार्ड यांचे स्वतःचे आयुष्य या विचाराची कसोटी ठरले. बार्बाडोसहून आलेल्या आईबापांच्या पोटी ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या (१९३७) या माणसाने शाळा अर्धवट सोडली होती. पुढे ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये नाव मिळवून ते १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘ओकलंड ट्रिब्यून’चे संपादक झाले आणि १९८३ मध्ये त्यांनी गॅनेट या वृत्तपत्र कंपनीकडून ते दैनिक सुमारे २.२ कोटी डॉलरना विकत घेतले. मोठ्या शहरातील, सर्व समाजांसाठी निघणाऱ्या दैनिकाचा मालक झालेले ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी. ओकलंडची जवळपास निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती, आणि ट्रिब्यूनच्या संपादकीय विभागातही तशीच सरमिसळ दिसू लागली. त्या भागातील १९८९ च्या भूकंपाच्या छायाचित्रांसाठी पत्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कर्ज आणि घटत्या जाहिराती यांचा ताण मात्र सुटला नाही. १९९२ मध्ये पत्र विकावे लागले. उत्तम संपादन आणि मनापासूनची इच्छा असूनही भांडवल कमी पडले, ही या इतिहासातली सर्वांत खंतावणारी गोष्ट आहे.

संस्थेच्या शिक्षणात ‘फॉल्ट लाइन्स’ ही मांडणी केंद्रस्थानी आहे. वंश, वर्ग, लिंग, पिढी आणि भूगोल या पाच रेषांवर समाज दुभंगलेला असतो. संपादकाने आपण प्रत्येक रेषेच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हे आधी तपासावे आणि मग बातमीत कोणाचा आवाज राहून गेला ते शोधावे, असे ती सांगते. रॉबर्ट यांची कन्या डोरी मेनार्ड यांनी संस्थेचे प्रमुखपद सांभाळताना, २०१५ मधील आपल्या मृत्यूपर्यंत, ही मांडणी अनेक वृत्तसंस्थांपर्यंत नेली. वैविध्यावरची बहुतेक व्याख्याने ऐकून विसरली जातात. ही मांडणी रोजच्या अंकावर लावून पाहता येते, म्हणून ती टिकली.

अमेरिकी संपादकांच्या संघटनेने १९७८ मध्ये उद्दिष्ट ठेवले होते, की २००० सालापर्यंत संपादकीय विभागातील अल्पसंख्यांचे प्रमाण लोकसंख्येइतके व्हावे. तेव्हा ते चार टक्क्यांच्या आसपास होते. ठरलेले वर्ष जवळ आले तरी मजल बारा टक्क्यांच्या आतच होती, म्हणून १९९८ मध्ये मुदत २०२५ पर्यंत वाढवण्यात आली.

भारताशी या प्रश्नाचा धागा जुना आहे. ज्या कोलंबियात १९६८ चा वर्ग भरला, तिथेच शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात, ही तक्रार त्याच्या पहिल्याच अंकात आहे. १९९६ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दिल्लीतील कृष्णवर्णीय प्रतिनिधी केनेथ कूपर यांना एका दलित पत्रकाराशी बोलायचे होते. त्यांनी दिल्लीतील पत्रकार बी. एन. उनियाल यांना विचारले. तेव्हा उनियाल यांच्या लक्षात आले, की तीस वर्षांच्या पत्रकारितेत आपल्याला एकही दलित सहकारी भेटलेला नाही, आणि त्यांनी ते ‘पायोनियर’ या इंग्रजी दैनिकात लिहिले. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया ही स्वयंसेवी संस्था व न्यूजलाँड्री हे वृत्तसंकेतस्थळ यांनी वृत्तपत्रे, वाहिन्या, नियतकालिके आणि संकेतस्थळे यांतील नेतृत्वाच्या १२१ जागा तपासल्या. त्यांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींतला एकही नव्हता.